जहाज समुद्रात असताना गणपती कसा बसवायचा: योकोसुका बेसवरच्या संसाराबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: माहेर नाशिकचं, नवरा अमेरिकन नौदलात, सहा वर्षं सान दिएगोत काढल्यावर आता तीन वर्षांसाठी जपानमधल्या योकोसुका बेसवर बदली. पाच वर्षांची मुलगी, ऑगस्टमध्ये निघायचं. ‘ताई, तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं, आपले सण करता येतात का, आणि हा जहाजावर गेला की मी एकटीनं काय करायचं?’

ताई म्हणालीस, म्हणून सरळ ‘तू’च म्हणते. मी योकोसुकाला दोन खेपा मिळून सात वर्षं राहिले. त्यातली चार वर्षं नवऱ्याच्या जहाजाची ओम्बड्समन होते. सान दिएगोत हा शब्द कानावर आला असेल. जहाजावरच्या लोकांच्या कुटुंबांसाठी कप्तान एक स्वयंसेवक नेमतो, बहुतेक वेळा कुणाची तरी बायकोच असते. अमेरिकन नौदलाचे तेव्हाचे प्रमुख ॲडमिरल झुमवाल्ट यांनी १९७० साली ही पद्धत सुरू केली. जहाज बाहेर असताना कुणाचं मूल फणफणलं, कुणाचा पगार अडकला, कुणाच्या गावाकडे वडील गेले, की रात्री दोनला फोन आमच्याकडे येतो. त्यामुळे खाली लिहितेय त्यात माझ्या घराबरोबर पन्नासेक घरांचा अनुभव आहे.

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यातच बाकीचे दोन अडकलेले आहेत. नवऱ्याच्या परतण्यावर सण टांगून ठेवू नकोस. बेसवर आलेल्या आपल्या मुली हीच चूक करतात. मीही केली.

योकोसुका हे अमेरिकेच्या सातव्या आरमाराचं ठाणं. इथल्या जहाजांचं घरच इथे आहे, त्यामुळे ती वर्षातून एकदाच लांब जाऊन येतात असं होत नाही. विमानवाहू जहाजाचं बऱ्याच वर्षी असं चालतं: मे महिन्याच्या सुमारास बाहेर, मध्ये थोडे दिवस घरी, पुन्हा बाहेर, आणि थंडी पडली की दुरुस्तीसाठी धक्क्याला. दरवर्षी अगदी तसंच होईल असं नाही, पण हिशेब मांडून बघ. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस बहुतेक वेळा घरी, गणपती-नवरात्र-दसरा बहुतेक वेळा समुद्रात. कुणी मुद्दाम असं ठरवलेलं नाही, पण आपल्या घराला ते फार लागतं. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते आणि जहाज तोवर परतण्याची आशा वाढते. यंदा तसंच आहे. बेसवरच्या आम्ही तिघीचौघी मराठी बायका कॅलेंडर आलं की आधी अधिक महिना शोधायचो.

पहिल्या वर्षी मी गणपती बसवलाच नाही. ‘बाबा आले की करू’ असं मुलाला सांगितलं. बाबांची तारीख एकदा पुढे गेली, मग दुसऱ्यांदा गेली. दिवाळीही तशीच गेली, एक पणती लावली तेवढीच. त्या नोव्हेंबरात शाळेत ‘आमच्या घरचा सण’ म्हणून चित्र काढायला सांगितलं, तर मुलानं हॅलोविनचा भोपळा काढून आणला. चित्र सुंदर होतं. माझ्याकडे अजून आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण चूक त्याची नव्हती. त्यानं त्या वर्षी घरात दुसरा सण पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला. तिथीला सण करायचा, आणि बाबा आले की पुन्हा करायचा. मला वाटलं होतं सासूबाईंना हे पटणार नाही. त्याच म्हणाल्या, ‘अगं, तुळशीच्या लग्नापर्यंत दिवाळीच असते. तोवर कधीही फराळ कर.’ गणपतीसाठी माघी गणेशजयंती आहे. जानेवारी-फेब्रुवारीत जहाज बहुधा धक्क्यालाच असतं. आमच्याकडे भाद्रपदात दीड दिवसाचा छोटा गणपती मी आणि मुलगा बसवायचो, आणि माघात नवरा सोवळं नेसून पूजेला बसायचा. आपल्या परंपरेत एवढी सवड आधीपासून ठेवलेली आहे, ती वापरायला संकोच करू नकोस.

नवऱ्याला निघण्याआधीच कामाला लाव. गणपतीची गोष्ट, पाडव्याला लेकीशी दोन शब्द, तिच्या वाढदिवसाचं गाणं हे सगळं मराठीत रेकॉर्ड करून ठेवायला सांग. १९८९ पासून ‘युनायटेड थ्रू रीडिंग’ नावाचा उपक्रम चालतो, त्यात घरापासून लांब असलेले आईबाबा मुलांसाठी पुस्तक वाचून रेकॉर्ड करतात. पुस्तक इंग्रजीच हवं असं नाही. जहाजावरून त्या दिवशी फोन लागेल या भरवशावर मात्र राहू नकोस. बाहेरचा संपर्क कधी कधी मुद्दाम बंद केला जातो, त्याला नौदलात ‘रिव्हर सिटी’ म्हणतात. दिवसेंदिवस ईमेल येत नाही. पहिल्यांदा असं झालं की पोटात गोळा येतो. तेव्हा नुसत्या गप्प राहिलेल्या ईमेलवरून वाईट अर्थ काढायचा नाही. खरंच काही वाईट असेल तर नौदलाची माणसं दारात येतात. मी ओम्बड्समन असताना नव्या मुलींना सगळ्यात आधी हेच सांगायचे.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. जहाज कधी निघणार, कधी येणार, कुठल्या बंदराला लागणार हे नाशिकच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. मामेभावानं प्रेमानं विचारलं तरी नाही. ‘थंडीत येतील’ एवढंच.

आता स्वयंपाकघर. उकडीच्या मोदकांची पिठी इथे मिळते. जपानी दुकानात ‘जोशिन्को’ माग. ते साध्या तांदळाचं पीठ, उकड छान होते. ‘मोचिको’ आणि ‘शिरातामाको’ ही चिकट तांदळाची पिठं, त्यांचा मोदक हाताला चिकटून बसतो. मी तीन वाट्या वाया घालवून हे शिकले. गुळाला ओकिनावाची काळी साखर, ‘कोकुतो’, बऱ्यापैकी जवळची लागते, सारण थोडं गडद होतं एवढंच. खवलेला गोठवलेला नारळ भारतीय दुकानात मिळतो. वाफवायला बांबूची जपानी चाळणी आपल्या मोदकपात्रापेक्षा मला आवडू लागली, कारण झाकणाचं पाणी मोदकावर टपकत नाही. भारतातला मिक्सर आणू नकोस. तो २३० व्होल्टचा, जपानात वीज १०० व्होल्टची, पातं जेमतेम हलतं. तूरडाळ, पोहे, हिंग यांसाठी महिन्यातून एकदा टोकियोतलं निशी-कासाई. एदोगावा भागात आपले इतके लोक राहतात की २०१९ मध्ये तिथल्या स्थानिक परिषदेवर अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक निवडून आले. टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सवही असतो. बेसवरून ट्रेननं दीड-दोन तास लागतात, पण लेकीला एकदा तरी शंभर लोकांच्या आवाजातली आरती ऐकव.

फुलांबद्दल एक सावधगिरी. सुपरमार्केटमध्ये पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीच्या जुड्या पाहून तुझा जीव हरखेल. घरच्या पूजेला खुशाल आण. जपानी शेजारणीला मात्र त्या भेट म्हणून देऊ नकोस, तिथे ती फुलं पितरांच्या देव्हाऱ्याची आणि अंत्यविधीची. मी दिली होती. त्या बाईंनी हसून, दोन्ही हातांनी घेतली, आणि अर्थ मला सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाकडून कळला.

विसर्जन बादलीत. मूर्ती लहान आणि शाडूची असू दे, माती नंतर कुंडीत जाते. बेसच्या धक्क्यावरून समुद्रात काही सोडायचा विचारही नको. दिवाळीत फटाके नाहीत. आणि टॉवरच्या, म्हणजे बेसवरच्या उंच इमारतीतल्या, घरात उदबत्ती, धूप लावताना धुराच्या अलार्मकडे लक्ष ठेव, नाहीतर रांगोळीवरून बूट घातलेले अग्निशामक जवान आत येतील. आमच्या मजल्यावर एकीकडे हे खरंच झालं. बिचारे फार ओशाळले, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात करंजी होती.

माणसांबद्दल लिहिताना हात आपोआप सैल होतो, कारण बेसवर मला सगळ्यात जास्त मिळालं ते हेच. माझी शेजारीण फिलिपिनो होती. अमेरिकन नौदलात फिलिपिनो कुटुंबं खूप दिसतील. १९४७ च्या कराराखाली फिलिपिन्सच्या नागरिकांची थेट भरती व्हायची, ती १९९२ पर्यंत चालली. त्यांचा ख्रिसमस सप्टेंबरातच सुरू होतो. ते ‘पारोल’ नावाचा चांदणीच्या आकाराचा कंदील लावतात, बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद, अगदी आपला आकाशकंदीलच. माझा कंदील पाहून ती धावत आली, ‘तुझ्याकडेही पारोल?’ त्या वर्षीपासून आम्ही दोघी एकाच दिवशी काड्या तासायला बसू लागलो. माझा बाल्कनीत लागायचा, तिचा दारात, आणि तुळशीच्या लग्नानंतर मी माझाही तिच्याकडे देऊन टाकायचे, तो जानेवारीपर्यंत जळायचा.

भाऊबीजेला माझा भाऊ पुण्यात. बराकीत राहणारी एकोणीस-वीस वर्षांची पोरं असतात, टेक्सास, ओहायो कुठून कुठून आलेली, पहिल्यांदाच आईपासून लांब. जहाज बाहेर असलं तरी आजारपणामुळे किंवा कोर्ससाठी काही जण किनाऱ्यावर राहतातच. त्यातल्या दोघांना मी जेवायला बोलावलं. पाटावर बसवलं, ओवाळलं, अर्थ सांगितला. एक जण रडला. दुसऱ्यानं खिशात हात घालून विचारलं, ‘ताटात किती टाकायचे असतात?’ पुढची तीन वर्षं तो जिथे असेल तिथून भाऊबीजेला मला पत्र यायचं. थँक्सगिव्हिंगला तर अशा पोरांना घरी बोलावणं हा बेसचा रिवाजच आहे. मी टर्की करत नाही, पुरणपोळ्या करते. आपणहून बोलव, ती पोरं दार वाजवणार नाहीत.

जपानी शेजाऱ्यांशी ओळख करायला योकोसुकात आपल्याकडे एक आयतं साधन आहे: करी. जपानी नौदलाच्या १९०८ च्या पाकपुस्तकात करीची कृती आहे. १९९९ पासून योकोसुका स्वतःला करीचं शहर म्हणवतं, आणि जपानच्या सागरी दलात अजून शुक्रवारी करी असते. त्यांची करी घट्ट, गोडसर, वर दुधाचा पेला आणि सॅलड. तू भारतातली आहेस कळलं की पहिला प्रश्न करीचा येणारच. ‘ही आमची करी नाही’ असं म्हणू नकोस. त्यांची मनापासून खा, मग घरी बोलावून आमटी-भात वाढ.

२०२४ ची गोष्ट सांगते. नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. पहाटे पाचला उटणं, अभ्यंगस्नान, मुलानं दाराबाहेर अंगठ्याने कारीट फोडलं. कारीट म्हणजे काकडीचा तुकडा, कारीट कुठून आणणार. संध्याकाळी तोच पोरगा अंतराळवीर होऊन गोळ्या मागायला बाहेर. हॅलोविनला बेसवरची कुटुंबं आपल्या जपानी मित्रमैत्रिणींना मुलांसकट बोलावतात. मी दारात रांगोळी तशीच ठेवली होती, विजेच्या पणत्या लावल्या होत्या, आणि गोळ्यांबरोबर छोट्या पुड्यांत शंकरपाळे बांधले होते. एका जपानी आजींनी रांगोळीपुढे दोन मिनिटं वाकून पाहिलं, मग नातीला चपला सांभाळून पलीकडून यायला सांगितलं. मुलांनी विचारलं तेव्हा माझ्याच मुलानं समजावून सांगितलं, आज आमचा पण सण आहे म्हणून. भोपळ्याच्या चित्राला तोवर बरीच वर्षं झाली होती.

जपानी सणांनाही जा. ऑक्टोबरात शहरातल्या देवांच्या पालख्या, मिकोशी, खांद्यावर नाचवत बेसच्या दारातून आत आणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पंढरीची वाट आठवली. तुझी लेक इथे असतानाच सात वर्षांची होईल. १५ नोव्हेंबरच्या सुमारास शिचि-गो-सान असतो, तेव्हा तीन आणि सात वर्षांच्या मुलींना किमोनो घालून देवळात नेतात. तो फोटो तुझ्या आईला नक्की पाठव.

रोजचं आयुष्य मात्र बरंचसं साधं आहे. सकाळी आठला झेंडा चढतो, अमेरिकेचं आणि जपानचं, दोन्ही राष्ट्रगीतं वाजतात. असशील तिथे थांबायचं, गाडी असली तरी. शाळा अमेरिकन संरक्षण खात्याची. प्राथमिक शाळेचं नाव ‘द सलिव्हन्स’, १९४२ मध्ये ‘जुनो’ युद्धनौका बुडाली तेव्हा मरण पावलेल्या पाच सख्ख्या भावांवरून. मुलांना जपानी संस्कृतीचा तास असतो. एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना, तेव्हा जांभळे कपडे घालून पाठवायचं. किराणा कमिसरीत, बाकीचं एक्सचेंजमध्ये, ही दोन्ही बेसवरची दुकानं, सगळं डॉलरात. दाराबाहेर पाऊल टाकलं की येन. गाडी डावीकडून चालवायची, म्हणजे नाशिकात शिकलेलं इथे कामी येईल, नवऱ्यापेक्षा तू लवकर रुळशील.

बेसवर राहायचं की बाहेर? जपानी घरं मला आवडतात, पण पहिल्या खेपेला लहान मूल आणि नवरा समुद्रात असेल तर बेसवरच राहा. रात्री मूल आजारी पडलं तर समोरचं दार वाजवता येतं. बाहेरच्या घरात कचऱ्याचे चार प्रकार आणि चार वार पाठ करताना पहिले दोन महिने जातात. भूकंपाची पिशवी पहिल्याच आठवड्यात भर: पासपोर्ट, औषधं, पाणी, रोख येन, लेकीचं एक खेळणं. २०११ च्या मार्चमधल्या भूकंपानंतर इथल्या कित्येक कुटुंबांना थोड्या वेळात विमानात बसावं लागलं होतं.

भारताशी वेळ जुळते, हे सान दिएगोहून आल्यावर फार सुखाचं वाटेल. जपान फक्त साडेतीन तास पुढे. नाशिकची सकाळी साडेआठची आरती इथे दुपारी बाराला. आई-बाबांना बोलवायचं असेल तर त्यांना जपानचा पर्यटक व्हिसा लागेल, आणि बेसच्या आत आणायला आधी अर्ज करून परवानगी. दिवाळीला यायचे असतील तर कागद गणपतीआधीच दे. तुझा स्वतःचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर जपानात शिरण्याचे नियम, ग्रीनकार्ड आणि नागरिकत्वाचं काय होणार, हे निघण्याआधी सान दिएगोतल्या नौदलाच्या लीगल ऑफिसमधून लेखी घे. सैनिकाच्या जोडीदारासाठी कायद्यात खास तरतुदी आहेत, आणि त्या माहीत नसल्यामुळे अडकलेल्या दोघी मला माहीत आहेत. नोकरीचंही तसंच. बाहेर काम करायला जपानची वेगळी परवानगी लागते आणि बेसवरच्या जागा मोजक्या. पहिलं वर्ष काहीतरी शिकण्यात किंवा स्वयंसेवेत घालव, ओळखी तिथूनच होतात.

शेवटचं, सामानाबद्दल. मोठं सामान जहाजानं येतं, त्याला कित्येक आठवडे लागतात. लवकर येणारी छोटी खेप वेगळी असते. तू ऑगस्टमध्ये पोचणार आणि यंदा गणपती सप्टेंबरच्या मध्यावर. ताम्हण, निरांजन, मोदकाचा साचा, लेकीचं परकर-पोलकं आणि थोडी शाडूची माती त्या मोठ्या खोक्यात भरू नकोस, छोट्या खेपेत किंवा हातातल्या बॅगेत ठेव. तिकडे मूर्ती मिळाली नाही तर मायलेकी मिळून मातीचा गणपती करा. आमचा पहिला असाच झाला होता, सोंड थोडी जाड, आणि मुलानं डोळ्यांच्या जागी दोन मिरे लावले होते.